पाण्याच्या वाटेने कंबोडिया

ख्मेर भाषेत स्वतःच्या देशभूमीला ‘तुक-देई’ असा जोडशब्द आहे. त्यातील ‘तुक’ म्हणजे पाणी आणि ‘देई’ म्हणजे जमीन, आणि या जोडीत पाण्याचा मान पहिला आहे. कंबोडियाला जाणारा बहुतेक प्रवासी मात्र दगड पाहायला जातो. अंकोर वाटची शिखरे, बायोनचे हसरे चेहरे आणि ता प्रोहमच्या भिंतींना कवळून बसलेली झाडे यांची छायाचित्रे त्याने आधीच पाहिलेली असतात, आणि ती ठिकाणे दोन-तीन दिवसांत उरकून तो थायलंडकडे किंवा व्हिएतनामकडे वळतो. ही मंदिरे नेमकी याच सपाट, रेताड मैदानात का उभी राहिली, एवढ्या मोठ्या राजधानीला अन्न कोठून मिळाले आणि पुढे ती ओस का पडली, या प्रश्नांची उत्तरे दगडापेक्षा पाण्यात अधिक सापडतात. त्यामुळे कंबोडियातील प्रेक्षणीय स्थळांचा क्रम मार्गदर्शक पुस्तिकांप्रमाणे न लावता पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे, म्हणजे कुलेनच्या डोंगरापासून दक्षिणेच्या समुद्रापर्यंत, लावला तर हा देश अधिक नीट उलगडतो.

देशाच्या उत्पत्तीची कथाही पाण्यापासूनच सुरू होते. कौंडिण्य नावाचा एक ब्राह्मण समुद्रमार्गे आला, त्याने नागराजाच्या कन्येशी विवाह केला आणि नागराजाने भूमी झाकून टाकणारे पाणी पिऊन टाकून जावयाला राज्य करण्यासाठी कोरडी जमीन मोकळी करून दिली, अशी ती कथा आहे. कंबुज हे नाव कंबू ऋषीशी जोडणारी दुसरीही एक परंपरा शिलालेखांत आढळते, पण लोकमानसात रुजली ती नागकन्येचीच कथा. मंदिरांकडे नेणाऱ्या बहुतेक सर्व दगडी मार्गांच्या दोन्ही कठड्यांवर फणा उभारलेला नाग दिसतो, तो या सासऱ्याची आठवण देणारा आहे असे मानले तर वावगे ठरणार नाही.

सिएम रीप शहराच्या ईशान्येला, सुमारे ५० किलोमीटरवर, प्नॉम कुलेन हा पठारी डोंगर आहे (‘प्नॉम’ म्हणजे डोंगर). त्याचे प्राचीन नाव महेंद्रपर्वत. ११व्या शतकातील एका शिलालेखानुसार दुसऱ्या जयवर्मनाने इ. स. ८०२ मध्ये येथे हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाकडून विधी करवून घेऊन स्वतःला चक्रवर्ती घोषित केले, आणि अंकोरच्या साम्राज्याचा आरंभ रूढीने याच वर्षापासून धरला जातो. २०१२ मध्ये विमानातून लेसर किरणांचा मारा करून जमिनीचा उंचसखलपणा मोजण्याच्या तंत्राने, म्हणजे लायडारने, जंगलाच्या छताखाली दडलेल्या या नगराचे सरळ रेषेतील रस्ते आणि बांध प्रथमच स्पष्ट दिसले. साध्या डोळ्यांना मात्र तेथे झाडीच दिसते. प्रवासी कुलेनला जातो तो धबधब्यासाठी, डोंगरमाथ्यावरच्या शयनस्थ बुद्धमूर्तीसाठी आणि मुख्यतः नदीपात्रासाठी, कारण या पात्राच्या खडकावर शिवलिंगांच्या रांगाच्या रांगा कोरलेल्या असून घोटाभर पाणी त्यांच्यावरून अखंड वाहत असते. असेच कोरीव पात्र जवळच्या क्बाल स्पीन येथे आहे. तेथपर्यंत दीड किलोमीटरची जंगलातील चढण पायी चढावी लागते, आणि लिंगांच्या जोडीने शेषशायी विष्णू आणि त्याच्या नाभिकमलातून प्रकटलेला ब्रह्मा खडकाच्या कुशीत कोरलेले दिसतात. क्बाल स्पीनचे हे शिल्प बाहेरच्या जगाला कळले ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस, आणि लगेचच यादवी युद्ध पेटल्याने पुढची कित्येक वर्षे तेथे कोणी फिरकू शकले नाही.

या कोरीवकामामागचा विचार मराठी वाचकाला फोडून सांगण्याची गरज नाही. पिंडीवरून उतरलेले पाणी तीर्थ होते, आणि येथे तर अख्ख्या नदीचाच अभिषेक घडतो. तेच पाणी पुढे सिएम रीप नदीतून राजधानीच्या तळ्यांत, खंदकांत आणि भाताच्या खाचरांत जात असे, त्यामुळे राजाने शेताला दिलेले पाणी हे देवाच्या अंगावरून आलेले पाणी ठरत असे. पाटबंधारे आणि पूजाविधी यांची इतकी घट्ट सांगड फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

क्बाल स्पीनच्या वाटेवरच बांतेआय स्रेई हे मंदिर लागते, आणि अंकोरच्या परिसरातील एकच वास्तू पाहण्याइतका वेळ हाती असेल तर हीच पाहावी, असे म्हणण्याचा मोह अनेक अभ्यासकांना झाला आहे. ते राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह या विद्वान राजगुरूने बांधलेल्या या शिवमंदिराची प्रतिष्ठापना इ. स. ९६७ मध्ये झाली, आणि येथील मूळ देवाचे नाव त्रिभुवनमहेश्वर असे होते. मधले शिखर जेमतेम १० मीटर उंच, आणि गाभाऱ्याचे दार इतके ठेंगणे की प्रौढ माणसाला पार वाकून आत जावे लागेल. दगड गुलाबी छटेचा वालुकाश्म, आणि त्यावरचे काम चंदनाच्या पेटीवर करावे तितके बारीक आहे. दक्षिणेकडील लहान इमारतीच्या दर्शनी त्रिकोणी शिरोभागावर रावण कैलास हलवताना दाखवला आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील याच प्रसंगात रावण डोंगराच्या पोटात खोल अंधारात बसवलेला असून त्याच्या वीस हातांचा जोर पाहणाऱ्याला जाणवतो, तर येथे कैलास म्हणजे पायऱ्यांची उतरंड असून तिच्या प्रत्येक पायरीवर घाबरलेले प्राणी, ऋषी आणि गण अगदी ओळीने मांडले आहेत. शिल्पकाराला बळापेक्षा मांडणीत रस होता. समोरच्या इमारतीवर खांडववनाचा प्रसंग आहे: वर तीन मस्तकांच्या ऐरावतावर बसलेला इंद्र, त्याच्याखाली तिरप्या समांतर रेघांच्या पट्ट्यांनी कोरलेला पाऊस आणि त्याखाली सैरावैरा धावणारे पशू. दगडात पाऊस कोरून दाखवण्याचा हा प्रयत्न पाहण्यासाठी दोन मिनिटे मान वर करून उभे राहावे. बहुतेक गट मात्र त्याच्या खालून छायाचित्रे काढत निघून जातात. याच मंदिरातील काही शिल्पे १९२३ मध्ये आंद्रे माल्रो या फ्रेंच तरुणाने कापून पळवली होती. तो पकडला गेला, त्याच्यावर खटला चालला आणि पुढे हाच गृहस्थ मोठा कादंबरीकार आणि फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला.

डोंगर सोडून मैदानात उतरले की ‘बाराय’ हा शब्द वारंवार कानांवर पडू लागतो. बाराय म्हणजे चारही बाजूंनी मातीचे बांध घालून तयार केलेला प्रचंड आयताकृती जलाशय. तो आपल्या तळ्यासारखा खोदलेला नसतो, तर जमिनीच्या वर बांधांनी अडवलेला असतो, त्यामुळे बांध फोडला की पाणी उताराने आपोआप शेतात जाते. सिएम रीपच्या पूर्वेला असलेल्या रोलुओस या गावाजवळ, म्हणजे प्राचीन हरिहरालय या राजधानीत, पहिल्या इंद्रवर्मनाने ९व्या शतकाच्या उत्तरार्धात इंद्रतटाक बांधला. त्याच काळातील प्रेआह को आणि पाच टप्प्यांचे बाकोंग ही मंदिरे आजही तेथे उभी आहेत. इंद्रवर्मनाचा पुत्र यशोवर्मन याने राजधानी अंकोरला हलवून ७ किलोमीटरहून अधिक लांबीचा यशोधरतटाक उभारला. आज त्याच्या तळाशी भातशेती चालते, आणि एके काळी भर पाण्यात बेटावर असलेले पूर्व मेबोन मंदिर आता कोरड्या जमिनीवर विचित्रपणे उंच उभे आहे. त्याच्या पायथ्याची धक्क्याची पायरी तेवढी जुन्या पाण्याची पातळी सांगते. ११व्या शतकातील पश्चिम बाराय सुमारे ८ किलोमीटर लांब आणि २ किलोमीटरहून अधिक रुंद असून त्यात अजून पाणी आहे, आणि सुटीच्या दिवशी सिएम रीपची कुटुंबे तेथे पोहायला आणि काठावर चटया टाकून भाजलेली मासळी खायला जमतात.

या बारायांचा खरा उपयोग सिंचनासाठी किती आणि देवाच्या व राजाच्या प्रतिष्ठेसाठी किती, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला आहे. कुलेनवरील लिंगे पाहून आलेल्या माणसाला तो वाद काहीसा अनाठायी वाटू शकतो, कारण या दोन गोष्टी वेगळ्या मानण्याची सवय अलीकडची आहे.

अंकोर हे नावच ‘नगर’ या संस्कृत शब्दाचे ख्मेर रूप आहे, आणि मंदिराला ख्मेर भाषेत ‘प्रासात’ म्हणतात, तो आपला ‘प्रासाद’. अंकोर वाट १२व्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मनाने विष्णूसाठी बांधले. मृत्यूनंतर त्याला परमविष्णुलोक हे नाव मिळाले. सुमारे १९० मीटर रुंदीचा खंदक या मंदिराला चहूकडून वेढतो, आणि त्याचा घेर ५ किलोमीटरहून जास्त भरतो. हा खंदक म्हणजे मेरूपर्वताभोवतीचा क्षीरसागर, आणि मधली ६५ मीटर उंच शिखरमाला म्हणजे मेरूची पाच शिखरे, हा अर्थ बहुतेक पुस्तकांत दिलेला असतो. खंदकाचे दुसरे काम क्वचितच सांगितले जाते: मंदिर रेताड जमिनीवर उभे आहे, आणि रेती ओली असेपर्यंत भार पेलते, सुकली की खचते; खंदकातील पाणी भोवतालच्या भूजलाची पातळी टिकवून धरते. सिएम रीपमध्ये हॉटेलांची संख्या भराभर वाढली आणि त्यांच्या कूपनलिका भूजल उपसू लागल्या, तेव्हा स्थापत्यतज्ज्ञांना काळजी लागली ती याच कारणाने.

मंदिराचा गाभा जांभ्याचा आहे. कोकणात घराच्या भिंतींना आणि विहिरींना जो लाल, सच्छिद्र दगड वापरतात, तोच हा. आणि त्यावर कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून आणलेल्या वालुकाश्माचे अस्तर चढवले आहे. हा दगड राजधानीपर्यंत आणण्यासाठी कालव्यांचे जाळे वापरले गेले असावे, असे उपग्रहचित्रांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासांतून पुढे आले आहे. भिंतींच्या चिऱ्यांवर जागोजाग बोट जाईल एवढी गोल भोके दिसतात. ती गोळ्यांच्या खुणा आहेत असे कोणी ठोकून देतो, आणि काही ठिकाणी युद्धाच्या खुणा आहेतही, परंतु जोडीजोडीने असलेली बहुतेक भोके चिरे उचलताना खुंट्या अडकवण्यासाठी पाडलेली आहेत.

मंदिराचे तोंड पश्चिमेला असल्याने संपातदिनाच्या सुमारास प्रवेशमार्गावर उभे राहिले तर सूर्य बरोबर मधल्या शिखरावर उगवतो. हा देखावा आणि उत्तरेकडील तळ्यात पडणारे शिखरांचे प्रतिबिंब पाहण्यासाठी पहाटे पाचपासून शेकडो माणसे मोबाइल उंचावून दाटीवाटीने उभी असतात. ज्याला मंदिर पाहायचे आहे त्याने ही गर्दी टाळून त्या वेळी थेट पहिल्या प्राकारातील शिल्पपट गाठावेत. तेथे तेव्हा चिटपाखरू नसते. हे पट डाव्या हाताने, म्हणजे अपसव्य फेरीने, पाहत जावे लागतात, आणि अपसव्य ही पितृकार्याची दिशा असल्याने हे मंदिर राजाचे स्मारकही असावे असा तर्क काही विद्वान करतात. पश्चिमेला कुरुक्षेत्र आणि लंकेचे युद्ध, दक्षिणेला सूर्यवर्मनाची मिरवणूक, त्यापुढे स्वर्ग-नरक आणि पूर्वेला समुद्रमंथन, असा तो क्रम आहे.

समुद्रमंथनाचा पट सुमारे ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, आणि त्यांच्या हातांत वासुकी. असुरांचे डोळे गोल आणि शिरस्त्राणे कलगीदार, देवांचे डोळे बदामी आणि मुकुट निमुळते. सर्वांच्या मांड्या एकाच कोनात वाकलेल्या असल्याने चालत गेले की रस्सीखेचीचा ताल डोळ्यांत भरतो. पटाच्या खालच्या पट्टीत समुद्रातले प्राणी आहेत, आणि पाहण्यासारखी गोष्ट तेथे आहे: कडेचे मासे आणि मगरी निवांत पोहत आहेत, पण मंदाराजवळ जाऊ तसे मासे उलटेपालटे होतात आणि रवीच्या अगदी लगतचे मासे घुसळणीच्या जोराने तुटून दोन तुकडे झालेले आहेत. अमृत काढणाऱ्यांचे त्या माशांकडे लक्ष नाही. शिल्पकाराचे होते.

अंकोर वाट पुढे बौद्ध झाले आणि राजधानी हलल्यावरही पूर्णपणे ओस पडले नाही. १६३२ मध्ये आलेला एक जपानी यात्रेकरू हेच बुद्धाचे जेतवन विहार आहे अशा समजुतीने खांबावर लेख लिहून गेला. म्हणजेच १८६० मध्ये येथे आलेल्या आंरी मूओ या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने या मंदिराचा ‘शोध’ लावला असे म्हणणे बरोबर नाही. भारताचा या वास्तूशी अलीकडचा संबंध १९८६ ते १९९३ या काळातला आहे. यादवी पूर्णपणे शमलेली नसताना आणि इतर बहुतेक देश दूर असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने येथे डागडुजी केली. त्या वेळी दगडांवरील शेवाळ आणि काजळी काढण्यासाठी वापरलेल्या रसायनांवर पुढे टीकाही झाली. १९९२ मध्ये अंकोर जागतिक वारसा यादीत आले, आणि २००४ पर्यंत ते धोक्यातील वारशांच्या यादीतही होते.

उत्तरेला लागूनच अंकोर थोम, म्हणजे ‘महानगर’ आहे. सातव्या जयवर्मनाने, म्हणजे ११८१ मध्ये गादीवर आलेल्या बौद्ध राजाने, वसवलेले हे नगर प्रत्येक बाजूस सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या तटबंदीने वेढलेले आहे, आणि प्रत्येक वेशीबाहेरच्या पुलावर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नागाला धरून बसले आहेत. अंकोर वाटच्या भिंतीवरचे मंथन येथे रस्त्यावर उतरले आहे. मधोमध असलेल्या बायोनच्या मनोऱ्यांवर चारही दिशांना पाहणारे प्रचंड चेहरे आहेत. ते लोकेश्वर बोधिसत्त्वाचे की राजाचे, यावर अजून एकमत नाही. चेहऱ्यांकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु बायोनचा खरा ठेवा म्हणजे खालचे बाह्य शिल्पपट: चाम लोकांशी झालेले नौकायुद्ध, आणि त्याच्या खाली बाजार, कोंबड्यांची झुंज, डुकराला कढईत टाकणारे आचारी आणि बाळंत होणारी बाई. देवादिकांच्या या नगरीत सामान्य माणूस एवढा ठळक इतरत्र कोठेच दिसत नाही. शेजारचे बाफुओन मंदिर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९६०च्या दशकात दुरुस्तीसाठी सोडवले. सुमारे ३ लाख चिरे जंगलात रांगांनी मांडून ठेवले, आणि युद्धात त्यांच्या जागा सांगणारी कागदपत्रे नष्ट झाली. त्यानंतर एकेक चिरा जुळवत ते पुन्हा उभे करायला २०११ साल उजाडले.

ता प्रोहम हे सातव्या जयवर्मनानेच ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलेले विहार आहे. येथील संस्कृत शिलालेखात आत राहणाऱ्यांची संख्या १२,६४० दिली असून त्यांत ६१५ नर्तकी होत्या. शिवाय राज्यभरातील १०२ रुग्णालयांचा उल्लेखही याच लेखात आहे. झाडांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वास्तूत भिंतींना धरून राहिलेली मुळेच आता त्यांचा आधार आहेत, आणि झाड मेले तर भिंतही जाईल; म्हणून भारतीय पुरातत्त्व विभाग आणि कंबोडियाचे अप्सरा प्राधिकरण यांना येथे दगड आणि झाड या दोघांचीही शुश्रूषा करावी लागली आहे. त्याच राजाचे नेआक पोआन मात्र बहुतेक गट वगळतात. पुन्हा पाणी भरलेल्या उत्तर बारायावरून लाकडी पुलाने चालत गेले की मध्ये एक चौकोनी कुंड आणि त्याच्या चारही बाजूंना लहान कुंडे दिसतात, आणि हत्ती, घोडा, सिंह व मनुष्य यांच्या मुखांतून त्यांत पाणी पडण्याची योजना आहे. रोग बरे करणाऱ्या हिमालयातील अनवतप्त सरोवराची ही प्रतिकृती मानली जाते. पावसाळ्याच्या शेवटी, कुंडे काठोकाठ भरलेली असताना, ती पाहावी.

एवढी मोठी जलव्यवस्था हेच पुढे या नगरीचे मर्मस्थान ठरले. झाडांच्या वार्षिक वलयांवरून असे दिसते की १४व्या शतकाच्या मध्यापासून दीर्घ अवर्षणे आणि त्यांच्या अधूनमधून अतितीव्र पावसाळे आले. कालवे गाळाने बुजले, काही ठिकाणी पुराने फुटले, आणि १४३१ मध्ये अयुथयाच्या सयामी सैन्याने राजधानी घेतली तेव्हा ती आधीच खिळखिळी झालेली होती. राजसत्ता दक्षिणेला, नद्यांच्या संगमाकडे सरकली.

व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगता येतील. अंकोरचे प्रवेशपत्र २०१७ पासून एका दिवसाला ३७, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ अमेरिकी डॉलर असे आहे. तीन दिवसांचे घेणे शहाणपणाचे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे नसतील तर अंकोर वाटच्या सर्वांत वरच्या टप्प्यावर सोडत नाहीत, आणि बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो बंदच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हवेचा बरा काळ, मार्च-एप्रिल तापदायक. रिएल या चलनाबरोबर डॉलर सर्वत्र चालतो, मात्र किंचित फाटलेली नोटही दुकानदार परत करतो. सिएम रीपचा नवा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाला असून तो शहरापासून बराच दूर आहे. शाकाहारी माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ‘प्राहोक’ ही आंबवलेल्या माशांची चटणी आणि माशांचा रस हे ख्मेर स्वयंपाकात मिठाच्या जागी असतात, त्यामुळे ‘मासे नकोत’ असे सांगूनही भाजीत ते असू शकतात.

हे मासे येतात ते तोन्ले साप सरोवरातून. कोरड्या ऋतूत या सरोवराचे क्षेत्र सुमारे २,५०० चौरस किलोमीटर आणि खोली मीटर-दीड मीटर असते. जूनपासून मेकाँग नदी फुगली की तिचे पाणी प्नॉम पेन्हच्या संगमातून उलटे वळून तोन्ले साप नदीत शिरते, नदी समुद्राऐवजी सरोवराकडे वाहू लागते, आणि ऑक्टोबरपर्यंत सरोवर चार-पाच पट पसरून काठची जंगले गिळून टाकते. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत मासे अंडी घालतात, आणि पाणी ओसरताना वाढलेली मासळी नदीवाटे खाली येते. काम्पोंग प्लुक या गावाची घरे उंच खांबांवर आहेत. एप्रिलमध्ये तेथे गेले तर घरात शिरण्यासाठी दोन मजल्यांएवढी शिडी चढावी लागते आणि खाली धुळीत पोरे खेळत असतात, तर सप्टेंबरमध्ये त्याच उंबरठ्याला होडी लागते. ‘काम्पोंग’ म्हणजे धक्का किंवा बंदर, आणि देशातील कित्येक गावांच्या नावांत तो आढळतो. सिएम रीपला सर्वांत जवळच्या चोंग क्नेआस येथे पर्यटनाचा बाजार झाला असल्याने थोडे लांब जाऊन काम्पोंग प्लुक किंवा काम्पोंग ख्लेआंग पाहावे; पक्षिप्रेमींसाठी प्रेक तोआल आहे. मेकाँगवर वरच्या देशांत बांधलेली धरणे आणि कमी पावसाची वर्षे यांमुळे ही वार्षिक भरती अलीकडे काही वेळा उशिरा आली आणि तोकडी पडली.

मंदिरांचा आणखी सोस असलेल्यांसाठी ७व्या शतकातील ईशानपूर, म्हणजे विटांच्या अष्टकोनी मंदिरांचे सांबोर प्रेई कुक, आणि १०व्या शतकात अल्पकाळ राजधानी असलेले कोह केर ही स्थळे आहेत. कोह केर येथून युद्धकाळात चोरलेल्या भीम आणि दुर्योधन यांच्या मूर्ती २०१४ मध्ये अमेरिकेतून परत आल्या. चोरांनी त्या घोट्यापासून तोडल्या होत्या आणि पाय जागेवरच राहिले होते, त्या पायांवरूनच मूर्तींची ओळख पटली. थायलंडच्या सीमेवरील कड्यावर असलेले प्रेआह विहिआर, मूळचे शिखरेश्वराचे स्थान, देखणे आहे. मात्र २०२५ मध्ये त्या सीमेवर पुन्हा चकमकी झाल्याने ताजी परिस्थिती पाहिल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

प्नॉम पेन्ह ही राजधानी जेथे वसली आहे त्या जागेचे नाव चाक्तोमुक, म्हणजे ‘चतुर्मुख’. वरची मेकाँग, खालची मेकाँग, बासाक आणि तोन्ले साप अशी चार मुखे येथे मिळतात. नदी पुन्हा सरळ वाहू लागण्याच्या सुमारास, कार्तिकी पौर्णिमेला, येथे ‘बोन ओम तुक’ हा जलोत्सव भरतो आणि राजवाड्यासमोर लांबच लांब नावांच्या शर्यती होतात. त्या रात्री चंद्राला नमस्कार करून कोवळ्या भाताचे कांडलेले पोहे केळे आणि नारळाबरोबर खाण्याची प्रथा आहे. कोजागरीला चंद्रप्रकाशात पोहे खाणाऱ्या मराठी माणसाला महिनाभराच्या अंतराने तीच ओळखीची चव भेटते. राजवाड्यापेक्षा त्याच्या शेजारच्या राष्ट्रीय संग्रहालयाला अधिक वेळ द्यावा. त्याच्या संग्रहातील, पश्चिम बारायातील बेटावर १९३६ मध्ये सापडलेल्या भव्य कांस्य शेषशायी विष्णूचा मस्तक, खांदे आणि हात एवढाच मोठा भाग उरला आहे. तरीही अंकोरच्या धातुकामाची झेप त्यावरून कळते.

याच शहरात तुओल स्लेंग आहे. ख्मेर रूज राजवटीने, म्हणजे १७ एप्रिल १९७५ ते ७ जानेवारी १९७९ या काळात सत्तेवर असलेल्या जहाल साम्यवादी गटाने, एका शाळेचे केलेले हे कारागृह. वर्गखोल्यांत विटांच्या कोठड्या आहेत, आणि भिंतींवर कैद्यांची छायाचित्रे. त्यांना मारण्यासाठी शहराबाहेर चोएंग एक येथे नेत. त्या काळात देशातील १५ ते २० लाख माणसे मेली असा अंदाज आहे. चोएंग एकच्या मैदानात जोराचा पाऊस झाला की मातीतून कापडाचे धागे आणि हाडांचे तुकडे अजून वर येतात, आणि तेथील कर्मचारी ते वेचून ठेवतात. ही स्थळे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेण्यात आली. या राजवटीला अंकोरच्या जलाशयांचे विलक्षण आकर्षण होते. शहरे रिकामी करून लोकांना कालवे आणि बांध खणायला जुंपले गेले, आणि उपासमारीने व श्रमाने तेथेच कित्येकांचा अंत झाला. वायव्येकडील त्रापेआंग थ्मोर हा तसाच वेठीच्या श्रमांतून उभारलेला जलाशय. आज तो सारस पक्ष्यांसाठी राखीव असून कोरड्या ऋतूत तेथे सारसांच्या जोड्या उतरतात.

दक्षिणेच्या किनाऱ्यावर सिहानूकविल हे बंदर जुगारघरांच्या आणि अर्धवट इमारतींच्या गर्दीमुळे कोह रोंग बेटांकडे जाण्यापुरतेच उरले आहे. काम्पोत आणि केप ही गावे मात्र निवांत आहेत. काम्पोतची मिरी तिच्या वासासाठी जगभर मागवली जाते, आणि २०१० पासून तिला भौगोलिक मानांकन आहे; केपच्या बाजारात किनाऱ्यावरच्या टोपल्यांतून काढलेले खेकडे हिरव्या मिरीच्या घोसांसह परतून देतात. काम्पोतच्या बाहेर समुद्राचे पाणी चौकोनी वाफ्यांत घेऊन सुकवणारी मिठागरे दूरवर पसरली आहेत. कोरड्या महिन्यांत, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या गारव्यात, बायका लाकडी फावड्यांनी मिठाचे ढीग ओढतात आणि पुरुष खांद्यावरच्या कावडीला दोन टोपल्या लावून वाफ्यांच्या अरुंद बांधांवरून ते कोठारात नेतात. मे महिन्यात पहिला पाऊस पडला की काम थांबते, आणि वाफे गोड्या पाण्याने भरू लागतात.